टाकीमागची सावली

घरमालकिणीने आमचे पाण्याने भरलेले गंगाळ पायाने कलंडवले. हाताने नाही. कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालायला गच्चीवर जमलेल्या शेजारणी पिठाचे हात तसेच धरून पाहत राहिल्या. खांद्यावर टॉवेल टाकून माझी माय जिन्यात उभी होती.

"बिजली बचाने को बोला था," मालकीण म्हणाली. "हमारी छत पर अपने बर्तन सजाने को नहीं."

मी म्हणाले, "सॉरी आंटी."

हे शब्द माझेच. ते लपवले, तर या वयात प्रथमच लेखणी उचलण्याला काही अर्थ उरत नाही.

मरोदा या हिंदीभाषक गावातले ते भाड्याचे घर. वर ती, खाली आम्ही मायलेकी. थंडी पडताच तिने बजावले होते: मीटर एकच आहे, पाण्याचा रॉड लावायचा नाही, हीटर नाही. मला ते रास्त वाटले. मायचे सांधे थंडीत आखडतात. म्हणून तिच्या अंघोळीचे पाणी मी सकाळीच गच्चीवर तापायला ठेवू लागले. पंधरा दिवस मालकिणीने कौतुक केले. मग आम्ही चोरून हीटर लावतो का, हे पाहायला ती खोलीत आली. हीटर नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिने आमचे आडनाव विचारले आणि पुढे केलेला चहा न घेता निघून गेली. दुसऱ्याच दिवशी गंगाळ कलंडले.

खाली आल्यावर माय म्हणाली, "सॉरी कावून म्हनली तू?"

"मी त बड्यायपासून दूरच ठेवलं होतं, माय. टाकीच्या मागं, कोपऱ्यात."

"थेच त. तिथं दिवसभर सावली रायते. एवढी एम.ए. झाली, सावलीत पानी तापत नाही हे नाही समजलं तुले? कदी हात घालून नाही पाहिलं तू. पंधरा दिवस थंड्याच पान्यानं आंग धुवून राहिली मी."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तू जागा बदलाले भेली असती."

ती बरोबर बोलली. तो कोपरा मला कोणी दाखवला नव्हता. आडनाव विचारले जाण्याच्या पंधरा दिवस आधी, बड्यांपासून लांब, तो मीच शोधला होता.

दुसऱ्या सकाळी मी गंगाळ गच्चीच्या मधोमध ठेवले. थोडे पाणी सांडले.

"कल क्या बोला था?" मालकीण म्हणाली.

"धूप यहीं आती है, आंटी."

"घर खाली करना पड़ेगा."

"लिखकर दीजिए. कारण भी लिखिए."

बड्या उलटायला आलेल्या शेजारणींकडे पाहून ती जिना उतरून गेली. मी गंगाळाजवळ बसून राहिले. दुपारी मायने पाण्यात बोटे बुडवली, मग पूर्ण हात, आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

घर खाली करण्याची चिठ्ठी अजून आलेली नाही. येईल. घर जाईल. पुढच्या घरी मी आडनाव दारातच सांगेन, आणि गंगाळ भर उन्हात ठेवीन. आवाज कापला, तरी कापऱ्या आवाजातच सांगेन.