ढगळताईचं माप

माझी थोरली बहीण शिवणकाम करायची. तिने शिवलेला फ्रॉक पोरीला तीन वर्षं पुरायचा आणि पहिली दोन वर्षं त्यात दुसरी पोर मावली असती. सगळी गल्ली तिला ढगळताई म्हणायची. माप घेताना टेपखाली आपलं एक बोट ठेवायचं, ही तिची तीस वर्षांची सवय. "कापड काचलं की माणूस चिडकं होतं," म्हणायची. मी अंगाबरोबर कपडा मागितला, तर सरळ दुसऱ्या शिंप्याचा पत्ता द्यायची.

मग लढाई आली. पुलापलीकडे एक फौज, टेकडीवर दुसरी. दोन्ही फौजांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: गावात पिठाचा ट्रक येऊ द्यायचा नाही. असे सात महिने गेले. शिवायला कापड उरलं नाही, आणि आता सगळ्यांनाच सगळे कपडे ढगळ व्हायला लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना लहान पोरांचे दंड मोजायला माणूस हवं होतं. दंडाभोवती गुंडाळायची एक पट्टी असते. हिरवा, पिवळा, लाल असे तिच्यावर रंग. लाल म्हणजे पोर भुकेने मरणाच्या दारात. परदेशातल्या मोठ्या संस्थेचा नियम असा, की लाल पोरं ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की दुष्काळ जाहीर होतो. मग बाहेरची सरकारं फौजांवर दबाव आणतात आणि रस्ता उघडतो. ताईइतका सरावलेला हात दुसरा कुणाचा असणार? मी शिकवायचे ती शाळा बंद पडली होती, म्हणून नोंदी ठेवणं आणि संस्थेला पत्रं लिहिणं माझ्याकडे आलं.

दोनशे अकरा पोरं मोजून झाली. पत्रात मी हात आखडता घेतला नाही. आम्ही जनावरांचा कोंडा उकडून खातोय, रस्ता उघडायला लावा, असं स्वच्छ लिहिलं. उत्तर आलं: परिस्थिती गंभीर आहे, पण आकडे दुष्काळाच्या निकषात बसत नाहीत, आम्ही लक्ष ठेवून आहोत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लक्ष ठेवायला आम्ही काय चुलीवरचं दूध होतो?

त्याच आठवड्यात ताईची दोन वर्षांची नात तापली. डॉक्टरांनी तिचा दंड मोजला. लाल आला. नोंदवहीत पिवळा होता, ताईनेच मोजलेला. त्यांनी पट्टी ताईच्या हातात दिली.

"माझ्यासमोर मोजा."

ताईने मोजलं. पुन्हा पिवळा.

"ताई, बोट काढा," डॉक्टर हळूच म्हणाले.

तिने बोट काढलं. पट्टी लालवर सरकली. ताईने नोंदवही ओढून पानं उलटली. "मी सगळ्यांचंच असं मोजलंय," एवढंच म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. "तीस वर्षं सांगतेय तुला!" त्याची मला आजही लाज वाटते. ती पोरं मीही रोज पाहत होते. वहीत पिवळा लिहिताना मला तरी कुठे खटकलं होतं?

दुसऱ्या सकाळपासून आम्ही पुन्हा घरोघर गेलो. काही दारांत आयांनी नुसती मान हलवली आणि आम्ही पुढे झालो. तीन दिवसांत मापं पुरी झाली. निम्म्याहून जास्त लाल. डॉक्टरांनी संस्थेच्या साहेबांना फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवून आकडे वाचून दाखवले.

"पंधरा दिवसांत एवढा फरक?" साहेब म्हणाले. "पडताळणी करावी लागेल. आणि आधी दोनशे अकरा होती, आता एकशे अठ्ठ्याऐंशी. बाकीची तेवीस का मोजली नाहीत?"

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात ताईने फोन ओढून घेतला.

"ती आम्ही पुरली, साहेब. चूक माझी, मापं माझी चुकली. मला काय शिक्षा करायची ती करा, पण रस्ता उघडा. पोरांचं कुठं काय चुकलंय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. पुढची बैठक बारा दिवसांनी आहे."

नात तिथेच खाटेवर पडली होती, डोळे अर्धवट उघडे. ताईने फोन तसाच हातात धरून डॉक्टरांना विचारलं, "बारा दिवस काढेल का हो ही?"

डॉक्टरांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

"हेही नोंदवायचंय का?" साहेबांनी फोनवरून विचारलं.

"नोंदवा," मी म्हटलं. "वय दोन वर्षं, रंग लाल."