मुरबाडच्या आरशावरचे डाग

मंडळी, दुपारपासून सुन्न आहे.

जुने आरसे पारखायला मी कुणाकडे शिकलो नाही, बघून बघून शिकलो. आज आमच्या हॉलसाठी मुरबाडजवळच्या एका घरी विकाऊ आरसा पाहिला. सागाची चौकट, हाताने घडवलेले खिळे, कडेला गोल काळपट डाग.

"काचेमागचा पारा उडालाय, अस्सल जुना!" मी घरच्या म्हाताऱ्या बाबांना ऐटीत सांगितलं आणि एक डाग नखाने खरवडला.

तो चक्क निघाला!

बाबा ओरडले, "नको रे! आमच्या हिच्या टिकल्यांचा डिंक हाय तो. आंघोळीला जाताना चिकटवायची. गेली ती औंदा."

"मग विकता कशाला?"

"सून बोलते, पुसून डाग जात नाय, विकून टाका."

डाग काचेमागे की काचेवर, एवढंही मला दिसलं नाही! आरसा तिथेच ठेवून आलो, पण एक खूण पुसून आलो. तुम्ही बाबांना काय म्हणाला असतात?