बबनकाकांचं हसू

बाजारात ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मी आजही थबकते. सत्तरच्या दशकात कारंजा गावाजवळ आमचा भाजीचा मळा होता. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे बबनकाका, जन्मापासून एक शब्द बोलले नव्हते. पण ते हसायला लागले की निंदणाऱ्या बायकाही खुरपं टाकून हसत सुटायच्या. आईच त्यांना आंघोळ घालायची, भरवायची.

त्या दुपारी कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून आईनं त्यांना भाकरीचा घास दिला. काकांनी हसत टाळी वाजवली आणि तसेच तिच्या खांद्यावर कलंडले.

"भाऊजी, मस्करी नोका करू," आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "उठा ना. काहून घाबरवून राह्यले मले?"

काका उठले नाहीत. बायका धावत आल्या. आईनं पदर भिजवून त्यांचं तोंड पुसलं, केस सारखे केले. मी दहा वर्षांची होते. मी ओरडले, "आई, तू रडत काहून नाही?"

"त्यायच्यासमोर मी कधी रडली नाही," ती हळूच म्हणाली. "ते भेतात."

मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. काका गेले, हे आईपर्यंत अजून पोचलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.