खड्ड्यातले आमदार

आमदार व्हायच्या आधी ते वीस वर्षं नळ कारागीर होते आणि आमदार झाल्यावरही नळ कारागीरच राहिले, हेच त्यांच्या मेव्हण्याचं दुखणं. मेव्हणा त्यांचा स्वीय सहायक. पगार सरकारी, डोकेदुखी बहिणीच्या घरची.

गावाच्या पोटात पाइप कुठून कसे गेलेत याचा नकाशा नगरपालिकेत नाही. तो आमदारांच्या डोक्यात. एका उन्हाळ्यात गाव अकरा दिवस कोरडं पडलं, तेव्हा शिंप्याच्या ओट्याखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह यांनीच हुडकून काढला. पुढची निवडणूक तो व्हॉल्व्हच जिंकला म्हणा ना. पाठोपाठ दुसरीही. कार्यालयात अर्ज घेऊन येणारे चार, गळका नळ घेऊन येणारे चाळीस. साहेब बाह्या सारून टेबलावरच वायसर बदलायचे. मेव्हणा शिपायाला म्हणायचा, पाटी बदल बाबा, 'येथे वेळ मिळाल्यास आमदारकीही केली जाईल' असं लिही.

नकाशा काढून द्या, पालिकेची माणसं शिकतील, म्हणून त्याने आठ वर्षं डोकं आपटलं. उत्तर एकच, बघू.

खरा उपाय म्हणजे नवी जलवाहिनी. त्यासाठी सभागृहात मंत्र्याला विचारायचं, तर प्रश्न लागायला हवा, आणि प्रश्न लागतो चिठ्ठी निघाली तर. तीन वर्षं निघाली नाही. यंदा निघाली, तीही पहिल्याच क्रमांकाची. फक्त नाव पुकारलं तेव्हा सदस्य जागेवर हवा, नाहीतर प्रश्न बुडाला. मेव्हण्याने आदल्या दिवशीच पाना-पक्कडची पिशवी उचलून स्वतःच्या कपाटात कोंडली.

सकाळी सहाला गाडी दारात लागली. राजधानी चार तासांवर, कामकाज अकराला. आमदार इस्त्रीच्या कपड्यांत गाडीत बसलेही. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातली थोरली नर्सबाई आली. दवाखान्यात थेंब नाही, पालिकेच्या माणसाने तीन खड्डे खणले, व्हॉल्व्ह एकातही नाही.

"कुठे आहे तेवढं फोनवर सांगा, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "गाडी चालू दे."

"सांगून नाही समजायचं. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं साडेदहाला संपली. पाना पालिकेच्या माणसाचा, चिखल मात्र आपला स्वतःचा. दवाखान्याला पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकराला आमदार मागल्या दारी पाय धूत होते आणि आत टीव्हीवर अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. मग पुढच्या प्रश्नावर गेले. मंत्री निवांत पाणी प्याले.

जेवायच्या जागी बायकोने मोठा कागद आणि पेन्सिल ठेवली. आधी नकाशा, मग ताट.

चार वाजेपर्यंत ते काढत होते. टाकी, शाळा, बाजार, शिंप्याचा ओटा. रेघ कशी, एकदा ओढली की खोडायचं नाव नाही. मेव्हणा खांद्यावरून मोजत होता. एकावन्न व्हॉल्व्ह झाले. आठ वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो श्वास सोडणार, तोच त्याची नजर दवाखान्यावर गेली. तिथे कागद कोरा.

"इथला राहिला, भाऊजी."

"तो आहे माझ्या लक्षात," आमदार म्हणाले आणि हात धुवायला उठले.

बहिणीने भावाकडे पाहिलं आणि आणलेलं ताट तसंच परत आत नेलं.