मुशीचा मणका

भूगर्भशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. मध्य प्रदेशातल्या बाग या गावाला सहल निघाली, तेव्हा सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीच्या मुक्कामाची सोय नाही. मुलं नमुने आणतील, ते बघ."

धुळ्यातल्या घरी येऊन दप्तर आपटलं. आई साक्रीकडच्या खेड्यातली, बोलणं अहिराणी. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येस ना तुनासंगे."

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी एसटीनं सेंधव्याला आणि पुढं खटारा बसनं बागला गेलो. धर्मशाळेत उतरलो. झाली मुक्कामाची सोय.

नाल्याच्या काठाला चुनखडीचे थर उघडे पडले होते. मी भिंग घेऊन गुडघ्यांवर सरकत होते, आई लिंबाखाली बसली होती. नखाएवढा, तपकिरी, चकचकीत दात सापडला. कडा करवतीसारख्या.

"हाई काय शे?"

"शार्कचा दात. इथं समुद्र होता, आई."

तिनं चौफेर कोरड्या टेकड्यांवरून नजर फिरवली. "आठे?"

"इथंच."

"मंग आखो शोध."

संध्याकाळपर्यंत आणखी काही दात मिळाले आणि एक गोल चकती. दोन्ही बाजूंनी वाटीसारखी खोलगट, आत एकात एक वलयं. मी जागीच ओरडले. दात शार्कच्या तोंडातून जन्मभर गळत असतात, ते सापडतात. ही चकती म्हणजे शार्कच्या पाठीचा मणका, तो सहसा सापडत नाही.

कॉलेजात सरांनी चकती उलटसुलट केली. "दात ठीक आहेत. हा शिंपल्याचा झिजलेला तुकडा."

"शिंपला दोन्हीकडून खोलगट कसा असेल, सर?"

"शार्कला हाडं नसतात, कूर्चा असते. ती टिकत नाही. एवढंही माहीत नाही?"

वर्ग हसला. मणक्यात चुना साठतो, तो टिकतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "बस खाली."

बसले. पण संध्याकाळी बाजारात जाऊन सुक्या मुशीचा कण्यासकट तुकडा आणला. मुशी म्हणजे लहान शार्कच. आमच्या घरात मासळी शिजत नसे. आईनं मागच्या अंगणात दगड मांडून चूल पेटवली. वास गल्लीभर गेला. शेजारीण भिंतीवरून ओरडली, "काय शिजवताय हो?"

"कॉलेजना अभ्यास शे!" आईनं तितक्याच मोठ्यानं सांगितलं.

मऊ झालेलं मांस सुटलं, मणका निघाला. तीच खोलगट वाटी, तीच वलयं. दुसऱ्या दिवशी तो सरांच्या टेबलावर चकतीशेजारी ठेवला. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग चकती ठेवून घेत म्हणाले, "परीक्षेत असले उद्योग करू नकोस."

तोंडी परीक्षेला नेमकी तीच चकती समोर आली, 'शिंपला' अशी चिठ्ठी लावून. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "ओळखा."

"शार्कचा मणका."

"चिठ्ठी वाच," सर म्हणाले.

"वाचली, सर. चिठ्ठी चुकली आहे."

परीक्षकांनी कारणं विचारली, मी दिली. त्यांनी पुढचा नमुना सरकवला.

परीक्षा संपल्यावर मी चकती परत मागितली.

"नमुने विभागाचे असतात," सर म्हणाले.

"विभागाच्या सहलीत मला नेलं नव्हतं, सर. हा मी आणि आईनं आणलाय."

त्यांनी ट्रे माझ्याकडे ढकलला. मी चिठ्ठी सोडवून तिथंच ठेवली आणि मणका घेऊन निघाले. तोंडीला जेमतेम गुण पडले. एम.एस्सी.ला मी जीवाश्मांचाच विषय घेतला.