यांची भविष्यं

उत्तमनगरच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या रंगनाथ खैरनारांना गल्लीत कुणी रंगनाथ म्हणत नाही, आणि खैरनार तर पोस्टमनसुद्धा म्हणत नाही. समोर असले की 'नाना', पाठ वळली की 'नाना सॉफ्टवेअर'. हे दुसरं नाव नानांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आतून आवडायचंही.

नानांचं शिक्षण सटाण्याला बारावीपर्यंत, तेही दुसऱ्या झटक्यात. पण जगातली कुठली कंपनी कुणाला गिळणार, कुणाची चिप कुणाच्या पुढे जाणार, अमेरिकेतल्या कुठल्या साहेबाची खुर्ची हलतेय, यावर सकाळी साडेनऊला, शटर अर्धंच वर गेलेलं असताना नानांचं मत तयार असायचं. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलेल्या माणसाला झेरॉक्स मिळायच्या आत निम्मी अमेरिका मिळून जायची.

काम मात्र सिंधूवहिनी करायच्या. ही गोष्ट नाना सोडून सगळ्या गल्लीला माहीत होती. मराठी टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्याच वेळी पास झालेली बाई. लग्नपत्रिका, भाडेकरार, दशक्रियेचं कार्ड, सोसायटीची नोटीस, सगळं त्यांच्या दहा बोटांखालून जायचं. नाना काउंटरवर तोंड चालवायचे, वहिनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कॉम्प्युटरचं मशीन चालवायच्या. अठ्ठावीस वर्षं हा संसार असा चालला आणि दोघांनाही त्यात काही गैर वाटलं नाही.

दोन हजार सातमध्ये पेपरात बिनबटणांच्या फोनचा फोटो आला. नानांनी पेपर काउंटरवर आपटला.

"हे टिकायचं नाही! काचेवर बोटं घासत कोण बसणार? कणीक मळता मळता बाईनं फोन कसा उचलायचा, सांग?"

वहिनींनी मान वळवली नाही. "थांबा, लिहून ठेवते."

"लिही, लिही. तारीख टाक."

खटखट खटखट झालं. मग वहिनी स्वतःशीच हसल्या आणि आणखी दोन ओळी खटखटल्या.

"ते काय टाकलंस वर?"

"माझा शेरा."

त्या दिवसापासून ती फाईल सुरू झाली. पडद्यावर एका कोपऱ्यात फाईलचं छोटं चित्र, खाली नाव: 'यांची भविष्यं'. नाना बोलले की वहिनी "थांबा" म्हणायच्या आणि लिहायच्या. इंटरनेट कवडीमोल झालं तेव्हा नाना म्हणाले, सहा महिन्यांत बंद पडेल, फुकटचं जेवण आणि जावयाचा मुक्काम यांना मुदत असते. सगळे आपले फोटो क्लाउडवर टाकायला लागले तेव्हा म्हणाले, हे म्हणजे आपले तांदूळ शेजारणीच्या डब्यात ठेवणं, वर आपणच रोज विचारायचं, काकू, दोन मुठी देता का? सरकारी कामं कागदाशिवाय होणार अशी बातमी आली तेव्हा म्हणाले, ज्या दिवशी तलाठी झेरॉक्स मागायचं थांबेल त्या दिवशी मी मिशी उतरवीन. मिशी अजून आहे. तेवढं एक भविष्य खरं ठरलं.

फाईल वाचायची परवानगी मात्र नव्हती. नाना मागायचे, वहिनी पडदा झाकायच्या.

"मी असेपर्यंत वाचायची नाही. वाचलीत तर बोलायचं सोडाल, आणि मग दुकानात माझं मन कसं लागायचं?"

दुकानाच्या पायरीवर भागीबाई भाजी घेऊन बसायची. पेठकडच्या डोंगरातली, पंधरा वर्षांपासून तिची तीच पायरी. ती मेथी निवडता निवडता हसायची. "वहिनी, भाऊला दाखवू नको. माणूस गप झाला का घर सुनं होतं."

तीन वर्षांपूर्वी श्रावणात वहिनींना ताप आला. तीन आठवडे उतरला नाही आणि मग वहिनीच गेल्या. दशक्रियेचं कार्ड दुसऱ्या दुकानातून छापून आणावं लागलं. त्यात नाव चुकीचं छापलं होतं. आपल्या दुकानातून उभ्या जन्मात चुकीचं नाव गेलं नव्हतं, एवढं बोलून नाना गप्प बसले ते बसलेच.

दुकान चालू राहिलं, पण नुसतं झेरॉक्सचं. टायपिंगचं गिऱ्हाईक आलं तर नाना पुढच्या चौकात पाठवायचे. अमेरिकेत एकाच सकाळी हजारो माणसं कामावरून काढल्याची बातमी आली, समोरच्या नोटरीवाल्या ललित वकिलानं मुद्दाम पेपर पुढ्यात टाकला. "नाना, बोला काहीतरी. एआय आलं, तुमची-माझी गरज संपली म्हणतात."

"असेल बुवा," नाना म्हणाले आणि झेरॉक्सचा कागद सरळ केला.

ललितला वाटलं नानांनी आपल्याला शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

फाईल तिथंच होती. 'मी असेपर्यंत' ही अट संपली होती, पण नानांचा हात तिकडे जात नव्हता. रोज सकाळी मशीन सुरू करायचं, ते चित्र जागेवर आहे ना बघायचं आणि पडद्यावरून कापड फिरवायचं. वाचायचं राहिलंय तोवर ती काहीतरी बोलायची राहिली आहे, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण भागीबाईला कळला होता.

मग गेल्या वर्षी बातमी आली की विंडोज दहाला ऑक्टोबरनंतर कंपनी वाऱ्यावर सोडणार. मशीन जुनं, त्यावर नवं काही चढेना. दोन वर्षांत पहिल्यांदा नानांचा जुना आवाज ऐकू आला. "म्हातारं झालं की औषध बंद! हीच का तुमची अमेरिका?" ललित वकील चहाचा कप घेऊन धावत आला, म्हणाला, "आणखी, नाना, आणखी!"

पुण्याहून लेकीचा, स्नेहलचा फोन. "पप्पा, नवीन घेऊन टाका. पण आईची फाईल आधी नीट काढून घ्या हं. मी येऊ का?"

"तू मला शिकवतेस? अगं, मी या धंद्यात आहे."

आता या धंद्यात कोण होतं ते वर सांगितलंच आहे. मशीन याआधी दोनदा बदललं, दोन्ही वेळा सगळं इकडून तिकडे हलवलं ते वहिनींनी. नाना तेव्हा काउंटरवर चिपच्या टंचाईवर बोलत होते.

पण या वेळी त्यांनी मन लावून केलं. बेत पक्का होता. नवं मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायचं, आणि फाईल उघडायची ती दिवाळीच्या पाडव्याला. पाडव्याला बायको ओवाळते, नवरा ओवाळणी घालतो; यंदा ओवाळणी तिच्याकडून घ्यायची. दसऱ्याच्या सकाळी जुन्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, भागीबाईनं झेंडूची माळ दिली. मग पेनड्राइव्ह लावून पडद्यावरची सगळी चित्रं त्यावर ओढली. 'यांची भविष्यं' सगळ्यात आधी. उरलेल्या डी ड्राइव्हमध्ये नुसते लोकांचे भाडेकरार आणि लग्नपत्रिका होत्या, दोन हजार सालापासूनच्या. नानांनी हात झटकले. "कशाला ओझं? निम्म्यांच्या तर सोडचिठ्ठ्या झाल्या."

कॉम्प्युटर विकणाऱ्या योगेशच्या दुकानात जुनं द्या, नवं घ्या अशी दसऱ्याची योजना होती. नानांनी योगेशच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा झालं, आणि मग ते मूळ पदावर आले.

"हार्डडिस्क बाहेर काढ. आणि भोक पाड तिला."

"काका, फॉरमॅट मारून देतो ना."

"फॉरमॅट म्हणजे ओल्या बोटानं पाटी पुसणं. उन्हात धरली की अक्षरं परत दिसतात. लोकांचे भाडेकरार आहेत त्यात, आधार नंबर आहेत. बातम्या वाचत जा रे जरा!"

योगेशनं सीसीटीव्ही बसवायचं ड्रिल आणलं. घर्रर्र करून एक भोक पडलं.

"अजून एक," नाना म्हणाले. "शंका नको."

दोन भोकांची डिस्क पिशवीत घालून, नवं मशीन रिक्षात घेऊन नाना घरी आले तेव्हा मुद्रा अशी होती की शिलंगणाला जाऊन खरंच सीमा ओलांडून आले. गल्लीत जो भेटेल त्याला भोकं दाखवली. लोकांनी वाहवा केली. आज ती वाहवा प्रत्येकाला आठवते आणि प्रत्येक जण नजर चुकवतो.

पाडव्याला स्नेहल आली. तिनं बापाला ओवाळलं. दुपारी दोघं दुकानात गेले, शटर वर केलं, आईच्या खुर्चीवर नाना बसले. त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची त्यांच्या मानानं बुटकी निघाली. पायरीवर भागीबाईनं पालक निवडायचा थांबवला.

नानांनी 'यांची भविष्यं' वर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. इंग्रजीत दोन ओळी. नानांनी ती बंद केली आणि पुन्हा टिचक्या मारल्या. पुन्हा चौकट.

स्नेहलनं पुढे वाकून वाचलं. मग ती माऊस घेऊन इकडेतिकडे बघत राहिली.

"पप्पा, या चित्रावर खाली बाण आहे बघा. ही फाईल नाही. फाईल कुठं ठेवलीय त्याचा नुसता पत्ता आहे हा."

"मग पत्त्यावर जा की."

"पत्ता जुन्या मशीनचा आहे. डी ड्राइव्ह. लग्नपत्रिका, दोन हजार सात."

म्हणजे वहिनींनी ती फाईल लग्नपत्रिकांत ठेवली होती. नाना तिथं कधी फिरकणार नाहीत हे ओळखून. नवरा ओळखण्यात त्या कधी चुकल्या नाहीत.

नाना उठले. ड्रॉवरमधून पिशवी काढली आणि चपला घालायचं विसरून चालू लागले. येत्या कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ता उखडलेला, खडीवरून अनवाणी माणूस चाललेला बघून ललित वकील स्कूटर घेऊन मागे गेला. योगेशचं दुकान पाडव्याच्या नव्या वह्यांच्या पूजेसाठी उघडं होतं. नानांनी डिस्क त्याच्यासमोर ठेवली.

"यातून एकच फाईल काढायचीय. बाकी काही नको. छोटी आहे."

योगेशनं डिस्क हातात घेतली. भोकातून त्याला नानांच्या शर्टाचं बटण दिसलं. "काका, आतल्या चकतीलाच भोक गेलंय…"

"पुण्यात, मुंबईत कुणी?"

"नाही हो काका. एकच भोक असतं तरी… दोन आहेत."

"हो," नाना म्हणाले. "दुसरं मीच सांगितलं."

स्नेहल दोन दिवस राहिली आणि गेली. ती बापावर रागावली नाही. रागावली असती तर नानांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर नानांनी एक उद्योग काढला. नव्या मशीनवर, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाईप करायला बसले. एक तक्ता केला. डावीकडे 'भविष्य', उजवीकडे 'शेरा'. बिनबटणांचा फोन. फुकटचं इंटरनेट. शेजारणीच्या डब्यातले तांदूळ. तलाठी आणि मिशी. यंत्राला मराठी यायचं नाही, त्याला आधी 'अहो' आणि 'अरे' यातलं अंतर कळू दे. एआय बंद करताना 'मला बंद करू नका' म्हणतं, असा पाहुणा कुणाच्या घरी असतो? आठवड्याभरात चाळीसेक भविष्यं जमली. कुठलं कुणासमोर बोललो तेही आठवलं.

उजवीकडची बाजू पांढरी राहिली. एकही शेरा आठवेना. ती टाईप करताना कधी कधी मोठ्यानं म्हणायची, हे आठवत होतं. हसायची हेही. काय म्हणायची ते नाही. कारण ती म्हणायची तेव्हा नाना पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत असायचे.

ललितला विचारलं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही बोलत असताना दुसरं कुणाचं ऐकू यायचं का?" बोलून गेला आणि जीभ चावली.

डिसेंबरात एका दुपारी भागीबाई पाणी प्यायला आत आली. पडद्याकडे बघत उभी राहिली.

"भाऊ, इकडची बाजू रिकामी का ठिवली?"

"तिथं तिचं आहे. आठवत नाही."

"मला ठावं हाय की एक."

नानांचे हात थांबले.

"मला लिहिता येत नाय. मंग ध्यानात ठिवावं लागतं," भागीबाई म्हणाली आणि माठाशेजारी खाली बसली. "तुमचं ते आप्रेशन झालं ना, हर्नियाचं. दुकानात आले तवा पयल्याच दिवशी म्हणले, सिंधू, मशीन नीट शिकून घे, मी काय तुझ्या आधीच जाणार, मागं तुलाच हे दुकान बघायचं हाय. मी व्हते पायरीवर. वहिनीनं ते पण लिहिलं. मी म्हणलं, वहिनी, आसलं अभद्र कशाला लिहिती? तवा म्हणली…"

"काय म्हणाली?"

"म्हणली, भागीबाई, यांचं एक भविष्य आजवर खरं झालं नाय. हे पण नको व्हायला. म्हणून यातच लिहिलं."

बाहेर कुणीतरी भाजीचा भाव विचारत होतं. भागीबाई उठली नाही.

"पुढे?" नानांनी विचारलं.

"पुढं काय? हासली. आन मला चहा पाजला."

नानांनी डावीकडे ते भविष्य लिहिलं. मग उजवीकडे गेले. 'हे पण' लिहून झालं, 'नको' लिहून झालं, 'व्हायला'चा 'व्हा' काही केल्या जुळेना. तीनदा पुसला. भागीबाईनं गिऱ्हाइकाला हातानंच थांब म्हटलं.

झालं तेव्हा नानांनी ते जपून ठेवायचं बटण दाबलं. कुठं जपलं गेलं, ते कळलं नाही. म्हणून त्यांनी छापून काढलं. दोन प्रती. एक वहिनींच्या बुटक्या खुर्चीच्या वरती भिंतीला चिकटवली. दुसरी भागीबाईला दिली. तिनं ती उलटी धरून नीट पाहिली, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवून ती भाजीकडे गेली.