गिरणीवाल्याची टेकडी

स्वतःच्या मालकीची नसलेली वस्तू दाखवून माणसांचे हाल करण्यात आमच्या गिरणीवाल्या मित्राचा हात धरणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. तळेघरच्या पुढे एका वाडीत त्याची भाताची गिरणी आहे. वारूळवाडीतल्या माझ्या दुकानातून तो गिरणीचे पट्टे नेतो, एवढाच खरं तर आमचा संबंध. पण एकदा पट्टा पोचवायला त्याच्या घरी गेलो आणि टेकडीच्या तावडीत सापडलो. घरामागे गवताचं मोठं पठार आहे आणि त्याच्या कडेला काळ्या कातळाचा उघडा माथा. वाट थोडकीच आहे, हे मी रागातही कबूल करतो. वरून धरणाचं पाणी, भाताची खाचरं आणि कड्यांची रांग दिसते, हेही कबूल. पण आपलं आपण बघू देईल तर तो कसला! हनुवटी धरून आपली मान फिरवायची तेवढी तो बाकी ठेवतो. पाहुणा 'छान आहे' म्हणाला की त्याला ते कमी वाटतं, आणि गप्प राहिला तर तो अपमान समजतो. आजारी गाय बघायला आलेल्या डॉक्टरला त्याने आधी वर नेलं होतं. गाय बिचारी गोठ्यात वाट बघत उभी. एकदा तर लोकांचं भात गिरणीत पडलेलं असताना, आभाळ मोकळं झालं म्हणून याने मशीन बंद केलं आणि गिऱ्हाइकांनाच टेकडीवर पिटाळलं. मी जाब विचारला, तर म्हणे, "भात उद्याबी भरडता येतं, भाऊ. आभाळ उद्या आसंच आसंल का?"

इथवर मी सोसलं. पण मुलीच्या सोयरिकीत त्याने जे केलं, त्याला क्षमा नाही. मुलगी गुणी, शिकलेली, बापावर अजिबात न गेलेली. स्थळ मी आणलं होतं. माणसं मढची, माझी जुनी गिऱ्हाइकं. मुलगा चाकणला कंपनीत. वहिनींनी पोहे करायला घेतले होते, मुलगी नवी साडी नेसून आत बसली होती, आणि हा गृहस्थ पाहुण्यांना पाणीसुद्धा नीट पिऊ न देता म्हणाला, पोहे होतील, तोवर वर जाऊन येऊ. मुलाची आई पहिल्याच चढाला धापा टाकत बसली. मुलाच्या वडिलांनी कोरे करकरीत बूट घातले होते, ते गवतावरून घसरत कसेबसे माथ्यावर पोचले. तिथे आमच्या मित्राने हात पसरून सगळा मुलूख दाखवला. वडिलांनी बुटांकडे बघत सांगितलं, "आमच्या मढला दारातनं याच्यापरीस मोठा कडा दिसतो."

खरं तर ते खोटं नव्हतं. पण याचा चेहरा असा झाला, जणू कुणी घरादाराची अब्रू काढली. तो शांतपणे म्हणाला, "मग सोयरीकबी तिथंच बघायची व्हती. हितवर कशाला आला?"

पाहुणे उतरले ते थेट गाडीत जाऊन बसले. पोहे गार झाले. वहिनी चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मुलगी साडी बदलून भांडी घासायला बसली आणि मी बाजारात तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही. बोलणं तोडलं. त्याचे पट्टे बसने पाठवू लागलो.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच मोटरसायकलवर आला. आमचा मित्र अस्तन्या सावरून भांडणाच्या तयारीत. तर मुलगा म्हणाला, त्या दिवशी वडिलांच्या बोलण्यात काही बघताच आलं नाही, परत वर जाऊ का? वहिनी हुशार. त्यांनी पोह्यांचा डबा मुलीच्या हातात दिला आणि तिलाही सोबत धाडलं. वर याने दम न खाता सगळा मुलूख समजावून सांगितला. मी बोलत नव्हतो, तरी संध्याकाळी वरूनच मला फोन करून तक्रार, "एक शब्द ऐकला न्हाई, भाऊ. समोर येवढं धरण पसारलंय आन् दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात." जावई म्हणून तो मुलगा याला पसंत पडायला त्यानंतर बरेच दिवस गेले. मढच्या सासऱ्यांनी मात्र सुपारीच्या बैठकीत टेकडी बरी असल्याचं चारचौघांत मान्य केलं, तेव्हा कुठे तारीख ठरली.

लग्न झालं, मुलगी चाकणला गेली. परवा पट्टा घेऊन मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. वर चल म्हणाला. पठारावर एवढं धुकं, की पुढे चालणारा तोच मला दिसेना. माथ्यावर पोचलो तर चहूकडे पांढरं. या मूर्खपणाबद्दल मी त्याला खडसावणार, एवढ्यात त्याने खिशातून फोन काढला. वाडीत रेंज नसते, वर मिळते. पलीकडून लेकीचा आवाज आला. दिवसभर खोलीत एकटी असते, खिडकीतून समोरची भिंत दिसते, असं काहीसं ती सांगत होती. मग तिने विचारलं, आज वरून काय काय दिसतंय?

तो धुक्याकडे बघत तिला सांगू लागला. धरण भरलंय. खाचरं पिवळी पडायला लागलीत. कड्यावर ऊन आलंय, आपली गाय खाली बांधाला चरतीया. एवढं सांगून त्याने घाईने फोन माझ्या हातात दिला.

"काका, खरंच दिसतंय का हो एवढं?" तिने विचारलं.

"दिसतंय ना बाळा," मी म्हणालो. "सगळं स्वच्छ दिसतंय."